काशीराम परबांच्या तीन रिंगा

मंगळवारी सकाळी, नाश्ता आणि जेवण यांच्या मध्ये कधीतरी काशीराम परब वारले. वारले तेव्हा ते ऑफिसात कॅलेंडरसमोर उभे होते, एकादशी शोधत होते आणि तब्येत ठणठणीत होती. दुपारी ते पंगतीला जेवायलाही बसले. दुधीची भाजी होती, ती त्यांनी ताटाच्या कडेला सारली. त्यावरून कुणाला संशय यायचं कारण नव्हतं; दुधी ते जिवंतपणीही खात नसत.

पण ही गोष्ट आदल्या दिवसापासून सांगायला हवी.

मुलुंड पूर्वेला ‘निर्धास्त’ नावाचं एक वृद्धनिवास आहे. दोन मजले, पुढे लांब व्हरांडा, व्हरांड्यात खुर्च्या आणि खुर्च्यांत म्हातारी माणसं. तिथला कारभार माधुरी कर्णिक यांच्याकडे. बाई वाईट नव्हत्या, हीच खरी अडचण होती. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. माधुरीबाई जे करत ते समोरच्याच्या भल्यासाठी करत. पंखा एकवर ठेवला तो भल्यासाठी, लोणचं बंद झालं ते भल्यासाठी, आणि रात्रीच्या मालिका साडेआठला तोडल्या त्याही भल्यासाठीच. मालिकेतली सून सासूच्या ताटात विष कालवते की नाही हे ‘निर्धास्त’मध्ये आजवर कुणालाही कळलेलं नव्हतं.

त्यातच पहिल्या मजल्यावरच्या लताताईंना एका गोड आवाजाच्या मुलाचा फोन आला. “आजी, तुमचं बँकेचं खातं बंद पडणार आहे, मोबाइलवर आलेला नंबर सांगा.” सख्खा नातू आठवड्यात एकदा ‘हं’ म्हणतो, आणि हा परका पोरगा इतका जीव लावून बोलतोय म्हटल्यावर लताताईंनी नंबर तर सांगितलाच, वर लिंबाच्या लोणच्याची कृतीही सांगितली. पैसे फार गेले नाहीत, कारण खात्यात फार नव्हतेच. पण माधुरीबाई हादरल्या. सोमवारी संध्याकाळी त्यांनी सगळ्यांचे मोबाइल एका परडीत गोळा केले, ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ठेवले आणि चावी कमरेला लावली.

“दर रविवारी चार ते पाच मिळतील,” त्या म्हणाल्या. “तुमच्याच भल्यासाठी.”

“जेलातल्या कैद्यालाही घरी फोन करू देतात, बाई,” अंबादास गायकवाड उभे राहून म्हणाले. अंबादास मूळचे बुलढाण्याकडचे, राहायला मानखुर्दला होते, नोकरीत असताना युनियनचे सेक्रेटरी होते आणि अजूनही कुणी ऐकत असलं की उभे राहूनच बोलत. “फोन हा माणसाचा हक्क आहे. आम्ही इथं माणसं म्हणून राहतो का सामान म्हणून? कपाटात सामान ठेवतात.”

“गायकवाडकाका, बसा. चक्कर येईल.”

अंबादास बसले. तासाभराने मात्र कपाट गाऊ लागलं. आधी एक आरती झाली, मग कोंबडा आरवला, मग कुणाची तरी नात “आबा, फोन उचला, आबा, फोन उचला,” असं आतून केविलवाणी ओरडू लागली. आबा बाहेर कपाटाला कान लावून उभे. माधुरीबाईंनी कपाट उघडलं, एकेक मोबाइल बंद केला आणि पुन्हा कुलूप लावलं.

काशीराम परब या सगळ्यात व्हरांड्याच्या टोकाला बसून विचार करत होते. त्यांना उद्या सकाळची काळजी लागली होती. उद्या सकाळी शेवंतीच्या चहाचं काय?

काशीराम गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते. गिरणी बंद पडल्यावर अंधेरीच्या एका कारखान्यात गेटवर बसले, बायको सुगंधा गेल्यावर भांडुपची खोली विकून ‘निर्धास्त’मध्ये आले. मूलबाळ नव्हतं. रक्ताचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं: धाकटी बहीण शेवंती. ती सिंधुदुर्गात धामणखोल नावाच्या गावी एकटी राहायची. एकटी म्हणजे एक म्हैस, दोन मांजरं आणि तिन्हींना दिवसभर शिव्या.

मोबाइल नवे होते आणि बोलणं महाग होतं, त्या काळात बहीणभावांनी एक कायदा केला होता. रोज सकाळी काशीरामनी मिस्ड कॉल द्यायचा. एक रिंग म्हणजे ‘मी बरा आहे.’ दोन रिंगा म्हणजे ‘तू फोन कर, पैसे तुझे.’ आणि तीन रिंगा म्हणजे ‘माणूस गेलं, निघून ये.’ चौथ्या रिंगेची कधी गरज पडली नाही, कारण त्याच्या पुढे सांगण्यासारखं काही उरत नाही. सकाळी दादाची एक रिंग आली की शेवंती उलट एक रिंग द्यायची आणि मग चुलीवर चहाचं आधण ठेवायची. रिंग आल्याशिवाय चहा नाही. दादाचा फोन मात्र उचलायचा नाही, काही झालं तरी नाही, हे त्या कायद्यातलं पहिलं कलम. इतक्या वर्षांत शेवंतीने ते एकदाही मोडलं नव्हतं.

“काका, आता बोलायला वेगळे पैसे पडत नाहीत,” असं काशीरामना कितीतरी जणांनी सांगून पाहिलं.

“पण बोलायचा काय?” काशीराम विचारत. “ती जिवंत आसा, मी जिवंत आसंय. ह्येच्यापेक्षा जास्त बोलला की भांडण होता.”

मंगळवारची सकाळ उजाडली. नाश्त्याचे पोहे झाले, तरी काशीरामांच्या घशाखाली चहा उतरेना. तिकडे शेवंती बिनचहाची बसली असणार. म्हशीला शिव्या देऊन संपल्या असतील, आता मांजरांची पाळी असेल.

“काऊन गा काशीराम, असा सुतकात बसल्यासारखा?” अंबादासनी विचारलं. दोघं एकाच खोलीत राहायचे.

काशीरामनी सगळं सांगितलं. अंबादास उभे राहिले. “आपण निवेदन देऊ. सगळ्यांच्या सह्या घेऊ. वरच्या ट्रस्टींपर्यंत जाऊ.”

“तोपर्यंत तिचो जीव जाईत चहाशिवाय.”

“मग ऑफिसातला फोन आहे ना. एकच रिंग द्यायची ना तुला? द्यायची नि ठेवायचा. मी बाईंना स्वयंपाकघरात अडकवतो.”

अंबादासनी स्वयंपाकघरात जाऊन वरणात पाणी किती आणि डाळ किती यावर भाषण सुरू केलं. माधुरीबाई धावत तिकडे गेल्या. काशीराम ऑफिसात शिरले. टेबलावर वायरलेस फोन होता. शेवंतीचा नंबर त्यांना तोंडपाठ होता. त्यांनी बटणं दाबली आणि अंगठा लाल बटणावर तयार ठेवला. एक सबंध रिंग आणि दुसरीच्या तोंडावर कट, हे काम साऱ्या मुंबईत त्यांच्याइतकं नेमकं कुणी करत नसे. साच्यावर धागा तुटला की डोळा पोचायच्या आत हात पोचायचा, तो हात अजून शाबूत होता.

पहिली रिंग गेली. अंगठा खाली येणार, इतक्यात मागून आवाज आला.

“काका? इथे काय करताय?”

अंबादासचं भाषण नको तिथे आटपलं होतं. काशीरामनी दचकून फोन बंडीच्या आत कोंबला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. भिंतीवर कॅलेंडर होतं.

“एकादशी बघतंय.”

“एकादशी? परवा बांगडा मिळत नाही म्हणून तक्रार कुणाची होती?”

“म्हणूनच. बांगड्याच्या आड एकादशी येता कामा नये.”

बंडीतून दुसरी रिंग गेली. काशीराम जोरात खोकले. हात घालावा तर बाई बघतायत, न घालावा तर धामणखोलात फोन वाजतोय.

“हा पोटातून कसला आवाज येतोय?”

“पोहे,” काशीराम म्हणाले.

तिसरी रिंग पोह्यांच्या हिशेबाने जरा लांबच होती. माधुरीबाई कॅलेंडरवर बोट ठेवून एकादशी शोधू लागल्या, तेवढ्यात काशीरामनी बंडीत हात घालून लाल बटण दाबलं आणि फोन गुपचूप टेबलावर ठेवला. मग त्यांनी मनाशी मोजलं. पहिली, दुसरी, तिसरी. आश्रमाच्या फोनवरून तीन रिंगा. शेवंतीच्या मोबाइलवर हा नंबर ‘आश्रम’ म्हणून साठवलेला होता. आश्रमातून तीन रिंगा म्हणजे कोण गेलं असेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

ते बाईंकडे वळले.

“मॅडम, एक फोन करू दे. अर्जंट.”

“रविवारी.”

“रविवारपर्यंत राख निवेल माझी.”

“काय बोलताय?”

“मॅडम, मी चुकून मेलोय.”

माधुरीबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं, त्यांना खुर्चीत बसवलं आणि दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळला. काटा चांगलाच वर गेला होता.

“मेलेल्या माणसाचं एवढं वाढत नाही,” बाई म्हणाल्या.

काशीरामनी रिंगांचा सगळा कायदा त्यांना समजावून सांगितला. बाईंनी शांतपणे ऐकला. “काका, काल मुळेकाकूंच्या दारावर साप होता, त्याचा फोटो काढायला मोबाइल हवा होता. आज नाश्त्याला पाटीलकाकांच्या बहिणीचं बाळंतपण निघालं, बहीण शहाऐंशीची आहे. आज तुम्हाला फोन दिला तर उद्या सगळेच मरायला लागतील.” आणि त्यांनी तोच फोन उचलून डॉक्टरांना लावला, काशीरामांच्या ब्लडप्रेशरविषयी विचारायला.

तिकडे धामणखोलात काय झालं, ते नंतर कळलं. शेवंती अंगणात उपाशी बसली होती. फोन वाजला. ‘आश्रम’. एक झाली, तिने पदर सावरला. दोन झाल्या, तिने भिंत धरली. तीन झाल्या आणि फोन थांबला. ती उठली नि आश्रमाचा नंबर लावला, तर एंगेज. बाई डॉक्टरांशी बोलत होत्या. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. आता डॉक्टर आपल्या मुलीच्या लग्नाविषयी बोलत होते. मग तिने दादाच्या मोबाइलवर लावला. तो बंद.

“बंदच आसतलो,” शेवंती म्हणाली. “मालकच बंद झालो.” आणि तिने असा हंबरडा फोडला की म्हैस दावं तोडून शेजाऱ्यांच्या तरव्यात, भाताच्या कोवळ्या रोपांत, गेली. शेजारी भांडायला आले ते रडतच परत गेले.

मिनिटाभरात वाडी गोळा झाली, रडारडीत पुन्हा फोन लावायचं कुणाला सुचलं नाही, आणि दुपारी त्यातल्या एकाने मुंबईला धोंडिराम घाडींना कळवलं. घाडी म्हणजे धामणखोल ग्रामस्थ मंडळाचे कार्यवाह, मुक्काम वाकोला. मंडळ गणपतीच्या गाड्या सोडायचं, पोरांना वह्या वाटायचं, पण घाडींचा खरा हातखंडा शेवटच्या प्रवासात होता. धामणखोलचा माणूस मुंबईत गेला की दोन तासांत मंडळ हजर. बांबूवाला, टेम्पोवाला, बॅनरवाला आणि घाटकोपरचे भजनी बुवा, चौघांचे नंबर त्यांच्या बोटांवर होते. ‘निर्धास्त’मध्ये त्यांनीही फोन लावला. तोवर तिथे जेवणं होऊन विश्रांतीची वेळ झाली होती. विश्रांतीच्या वेळेत माधुरीबाई फोन बंद ठेवत, सगळ्यांच्या भल्यासाठी.

“फोनसुद्धा उचलनत नाय,” घाडी हळहळले. “काशीरामदादासारखो माणूस, आणि ह्यांका पर्वा नाय! चला रे. आपला माणूस आपण नेवया.”

इकडे काशीराम पलंगावर आढ्याकडे बघत पडले होते. बाईंनी गोळी दिली होती, पण झोप कुणाला?

“मरणाची बातमी मागे घ्यायची काही रीत असते का रे?” त्यांनी विचारलं.

“असते. सात दिवसांची नोटीस द्यावी लागते,” अंबादास म्हणाले, आणि मग त्यांनाच वाईट वाटलं. “चूक माझी गा. डाळीवर मला अजून दहा मिनिटं बोलता आलं असतं. पण बाईंनी लगेच मान्य केलं, पाणी जास्त आहे म्हणून. मान्य केल्यावर कुणाशी बोलणार?”

“शेवंती रडत असतली. बिनचहाची रडत असतली,” काशीराम म्हणाले आणि त्यांनी कूस बदलली. मित्राचा चेहरा दिसेनासा झाला म्हणून अंबादास उगाच खिडकीबाहेर बघू लागले.

म्हणून टेम्पो पहिल्यांदा त्यांनाच दिसला.

“काशीराम,” ते हळूच म्हणाले, “ऊठ गा. तुला न्यायला आलेत.”

चहाची वेळ होती. व्हरांड्यात कप वाजत होते. फाटकाबाहेर टेम्पो उभा राहिला, मागे सहा-सात रिक्षा, आणि त्यांतून धामणखोल उतरलं. पुढे घाडी हात जोडून, मागे बांबू, मग मडकं, मग भजनी बुवा पखवाज पोटाशी धरून. दोन तरण्या पोरांनी फाटकावर बॅनर बांधायला घेतला. बॅनरवरचा काशीरामांचा फोटो घाडींच्या पुतण्याच्या लग्नातला होता. तोंडात गुलाबजाम होता आणि दुसरा हातात. वर ठळक अक्षरात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’.

लताताईंनी तो वाचला आणि डोळ्यांना पदर लावला. काशीराम त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत येऊन बसले होते. “गेले हो परब,” त्या त्यांनाच म्हणाल्या. “फोटो मात्र किती छान आलाय!”

घाडी माधुरीबाईंसमोर येऊन थांबले. “बाई, रडू नका. आता सगळा आमच्यावर सोडा. बॉडी खंय आसा?”

“कुणाची?” न रडणाऱ्या बाईंनी विचारलं.

“काशीराम परबांची.”

“ते काय, बिस्किट बुडवतायत.”

घाडींनी वळून पाहिलं. काशीरामांचं बिस्किट नेमकं त्याच क्षणी मोडून कपात पडलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पखवाज आपोआप एकदा ‘धुम्’ असा वाजला, कारण बुवांच्या हातून तो सुटला होता.

“धोंडी,” काशीराम ओशाळून म्हणाले, “मी जिवंत आसंय रे.”

“जिवंत आसस?” घाडींचा आवाज चढला. “मेल्या, लाज वाटत नाय? टेम्पो सांगितलंय, बांबू इले, बुवा घाटकोपरसून रिक्षा करून इलो, पोरग्यांनी हाफ डे टाकले! आणि तू हयसर बिस्किटा खातस?”

“माझी चूक नाय रे. माझो फोन कपाटात आसा.”

“आणि हा बॅनर?” अंबादास फाटकाशी जाऊन वाचत होते. “घाडी, या बॅनरवर शोकाकुल म्हणून खाली बावीस नावं आहेत.”

“मंडळाची कार्यकारिणी ती. बॅनरवाल्याकडे यादी तयारच असता. आम्ही फक्त फोटो बदलतो.”

“मग सल्लागार श्री. काशीराम परब हेही शोकाकुल आहेत.”

सगळे बॅनरपाशी गेले. खरंच होतं. वर काशीराम वारले होते आणि खाली काशीराम शोकाकुल होते. पहिल्यांदा हसल्या त्या लताताई, मग बुवा, मग टेम्पोवाला, आणि मग हसू असं पसरलं की बांबू धरलेल्या पोरांना बांबू खाली ठेवावे लागले. “नाव राहू दे,” काशीराम म्हणाले. “माझ्या मरणाचा माका वाईट वाटायचा नाय तर कोणाक वाटतला?”

माधुरीबाई तेवढ्या हसल्या नाहीत, कारण विश्रांतीची वेळ संपली म्हणून त्यांनी फोन चालू केला होता आणि तो त्याच क्षणी वाजू लागला होता.

“हॅलो? हो, निर्धास्त. नाही हो, ते जिवंत आहेत. जिवंत! ... अहो, धीर द्यायला कशाला खोटं बोलू?” ठेवला, पुन्हा वाजला. “नाही, उठवलेलं नाही. उठवायचं काय, ते चहा पितायत!” पुन्हा वाजला. डोंबिवलीहून, नालासोपाऱ्याहून, बडोद्याहून. धामणखोलची माणसं जिथे जिथे होती तिथून तिथून फोन आले. एकाने काशीरामांचा आवाज ऐकवा म्हटलं. काशीराम बोलले, तर पलीकडून उत्तर आलं, “ह्यो भावकीतलो कोणतरी असतलो. आवाज अगदी दादासारखो.” दहाबारा फोनांनंतर बाई खुर्चीत बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

“काका, माझं कुणी ऐकतच नाहीये,” त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. “मी खरं सांगतेय आणि माझं कुणी ऐकत नाहीये.”

“हं,” अंबादास म्हणाले. या वेळी ते उभे राहिले नाहीत. बाईंच्या शेजारीच बसून हळू आवाजात म्हणाले, “आम्हाला कालपासून तसंच वाटतंय, पोरी.”

माधुरीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग कमरेची चावी काढली आणि कपाट उघडलं.

काशीरामनी परडीतून आपला बटणांचा जुना मोबाइल शोधून काढला आणि चालू केला. सगळं धामणखोल, सगळं ‘निर्धास्त’ भोवती गोळा झालं.

“लाव फोन शेवंतीक,” घाडी म्हणाले. “सांग तिका.”

काशीरामनी लावला. रिंग जाऊ लागली. एक, दोन, तीन, चार. पुष्कळ झाल्या. शेवटी आपोआप बंद पडली.

“उचलणार नाही ती,” काशीराम म्हणाले. “माझो फोन उचलायचो नाय, कायदो आसा.”

“अहो पण आज—” बाई म्हणाल्या.

“आज तर उचलणारच नाय. मेलेल्या भावाचो फोन इलो, इतक्यो रिंगा! थंयसर सगळी घाबरून ओसरीवर बसली असतली.”

“मग दोन दे,” अंबादास म्हणाले. “दोन म्हणजे तूच फोन कर.”

“रडणाऱ्या माणसाक बोलूक सांगू नये.”

काशीरामनी सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. मोबाइल तळहातावर घेतला, बटण दाबलं, अंगठा लाल बटणावर आणला. पहिली रिंग सुरू झाली, पुरी झाली, आणि दुसरीच्या अगदी तोंडावर, धागा तुटताना साचा थांबावा तसा, अंगठा खाली आला. अर्धी नाही, पाऊण नाही. एक.

मोबाइल त्यांनी तसाच तळहातावर धरून ठेवला. बुवांनी पखवाजावर हात दाबून धरला होता, न जाणो तो पुन्हा बोलेल. लताताईंनी त्यांच्या बाहीचं टोक धरलं.

मोबाइल एकदा वाजला आणि थांबला.

“चहा ठेवल्यान तिने,” काशीराम म्हणाले, आणि मग इतक्या वेळाने ते स्वतःच ढसाढसा रडले. घाडींनी त्यांना पोटाशी धरलं आणि पाठीवर दोन गुद्देही घातले, टेम्पोच्या भाड्याचे.

भजनी बुवा इतक्या लांब आलेच होते. पखवाज लागला. अंत्ययात्रेचा अभंग काही बसेना, म्हणून बुवांनी चाल बदलली, टाळ बाहेर आले, आणि साडेआठला टीव्ही बंद करणाऱ्या ‘निर्धास्त’मध्ये जेवणापर्यंत नुसता दणका उडाला. मुळेकाकूंनी वॉकर धरून फुगडी घातली असं लोक सांगतात. ते खोटं आहे. वॉकर त्यांनी सोडला होता.

दुसऱ्या दिवसापासून मोबाइल ज्याचे त्याच्याकडे. ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्यासाठी ऑफिसचा फोन व्हरांड्यात आला, कधीही करा, पैसे लावायचे नाहीत असं ट्रस्टींकडून कबूल करून घेतलं गेलं. (अंबादासनी निवेदन दिलंच. सह्यांमध्ये पहिली सही माधुरी कर्णिकांची.) मोबाइलवर आलेला नंबर कुणाला सांगायचा नाही, हे लताताई आता रोज संध्याकाळी सगळ्यांकडून प्रार्थनेसारखं म्हणवून घेतात. तो गोड आवाजाचा मुलगा पुन्हा फोन करील, याची त्या वाट बघतायत. त्याला लोणच्यात मीठ तिप्पट सांगायचं ठरवलंय.

आणि माधुरीबाईंची एक सोय झाली. पूर्वी त्या रोज सकाळी दोन मजले चढून दारं ठोठावत. आता उजाडलं की त्यांच्या मोबाइलवर एकेक रिंग येते आणि थांबते. बाई उचलत नाहीत. नाव बघतात, हसतात आणि कूस बदलतात.

पंधरा दिवसांनी एका सकाळी काशीरामांची रिंग आली. एक झाली. दोन झाल्या. तीन झाल्या.

बाई अनवाणी धावल्या. जिने कसे चढल्या हे त्यांनाही कळलं नाही. दार ढकललं, तर काशीराम पलंगावर मांडी घालून बसले होते आणि पुढ्यात कप होता.

“चहात साखर नाय,” ते म्हणाले.

बाईंना धाप लागली होती. “काका! तीन रिंगा! तीन म्हणजे काय ते तुम्हीच सांगितलंत ना?”

“ता गावाक. हयसर तीन म्हणजे साखर.”

“आणि खरंच काही झालं तर? तर किती रिंगा?” बाई रागाने विचारायला गेल्या, पण आवाजाने ऐन वेळी दगा दिला.

काशीरामनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पलंगावर थोडी जागा करून दिली आणि कप त्यांच्यापुढे सारला.

“तेव्हा रिंग नको, बाई,” ते म्हणाले. “तेव्हा माझो फोन बंद करून खुशाल कपाटात ठेवा आणि कुलूप लावा. सकाळची रिंग नाय इली की शेवंतीक कळात.” मोबाइल त्यांनी बंडीच्या खिशात टाकला आणि वरून थोपटला. “तवसर हात लावूचो नाय.”